नारळ देताना

गुरुवारी सकाळी साडेसातला आर्या आजीचा हात धरून शाळेला निघाली. ती शाळेत पोचली नाही. आजीही घरी परतली नाही.

आर्या दुसरीत आहे. आजी जयवंती वसईच्या पाचूबंदरची. आर्याची आई संजना त्या वेळी जेटीवर मासळीच्या लिलावात उभी होती. सोमवारपासून तिला कोणी म्हावरं देत नव्हतं, तरी ती पाटी घेऊन रोज जात होती.

सुरुवात एका सायकलवाल्यापासून झाली. विघ्नेश बोळिंजच्या एका संकुलात आईवडिलांबरोबर राहतो. यंदा तो सायकलवर कन्याकुमारीपर्यंत जाऊन आला. वाटेत भेटेल त्याला थांबवून तो एकच विचारायचा, आयुष्यात अजून काय व्हावंसं वाटतं? केरळातल्या एका न्हाव्याला विमानात बसायचं होतं. कारवारजवळच्या एका म्हातारीला सुनेच्या आधी मरायचं होतं. विघ्नेश सगळं मोबाइलवर घेत होता. शेवटच्या दिवशी तो भाईंदरहून रो-रो फेरीबोटीने वसईच्या जेटीवर उतरला. घर तासाभरावर राहिलं होतं.

वाटेत पाचूबंदरला जयवंती आणि संजना दोऱ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. महिनोन्‌महिने लागलेल्या सवयीने त्याने हिंदीत विचारलं. जयवंतीने विचार केला नाही.

"माझा धनेश येऊ दे. बाकी काय नको."

धनेश तिचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी वैशाखात होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहून आले, तो आला नाही. प्रेतही मिळालं नाही. जयवंतीने दहावं करू दिलं नाही. सुनेच्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरू दिल्या नाहीत. दर नारळीपौर्णिमेला ती सुनेला दर्यात गुडघाभर उभी करायची आणि धनेशच्या नावाने नारळ द्यायला लावायची. मागणं मनात मागायचं, अशी तिथली रीत.

"बस, पानी आनते," म्हणून जयवंती घरात गेली. विघ्नेशने मोबाइल संजनाकडे वळवला.

"किधर से आया?" तिने विचारलं.

"कन्याकुमारी."

"जाने का किधर?"

"आगे."

दोन्ही उत्तरं खरी होती. बोळिंजचं नाव त्याने घेतलं नाही.

लांबून आलेला, लांब जाणारा परका माणूस. संजनाने घराकडे एकदा पाहिलं आणि बोलायला लागली. चंदनसारला आत्माराम म्हणून एक जण आहे, बर्फाचा टेम्पो चालवतो, बायको वारलीय. पोरीसकट घरात घ्यायला तयार आहे. सात वर्षं भरली की कोर्टातून धनेशला मयत ठरवता येईल, तेवढीच वाट आहे.

"दर साल नारळ देते मी," ती म्हणाली. "सासू बाजूला असते. मी मनात बोलते, येऊ नको." मग म्हणाली, "नाम मत डालना, भैया."

"नहीं डालूँगा."

त्याने नाव घातलं नाही. चेहरा घातला.

रविवारी प्रवासाच्या व्हिडिओचा शेवटचा भाग लोकांसमोर आला. आधी जयवंती, येऊ दे. लगेच संजना, येऊ नको. आत्मारामचा भाग कापला होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या पाचूबंदरने तो पाहिला.

जयवंतीने शेजारच्या मर्विनच्या मोबाइलवर दोनदा पाहिला. मग ती घरात आली.

"सहा नारळ," ती सुनेला म्हणाली. "म्हंजे सहा वेळा तो किनाऱ्याला लागला आनि सहा वेळा तू त्याला मागं लोटलंस."

"आई, तो त्याच दिवशी बुडला होता."

"बुडला कोनी सांगितलं? तुझ्या मनानं?"

दुसऱ्या दिवशी लिलावात होडीवाला ऑस्कर म्हणाला, "हिला म्हावरं देताना तोंडाकडे बघू नका, मनाकडे बघा. उद्या आपन दर्यात, ही किनाऱ्यावर. काय मागेल नेम नाय." लोक हसले. तिची पाटी रिकामी राहिली.

"तो सायकलवाला कसला लांबचा," मर्विनने तिला सांगितलं. "बोळिंजचा हाय. माझ्या भाच्याच्या कॉलेजात होता."

मंगळवारी ती बोळिंजला गेली. विघ्नेशने तिच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो शेकडो मोबाइलवर उतरला होता.

"सॉरी ताई," तो आता मराठीत म्हणाला. "पण तुम्ही कॅमेरा बघूनच बोलत होतात ना."

त्याच्या आईने चहा दिला. कप परत घेताना तिने विचारलं, "खरंच तसं मागायचीस?" संजना निघाली. रिक्षात असताना आत्मारामचा फोन आला. त्याच्या बहिणीने व्हिडिओ पाहिला होता. काही दिवस फोन करू नकोस, एवढंच तो म्हणाला.

गुरुवारी शाळा सुटली, आर्या बाहेर आली नाही. संध्याकाळी जयवंतीचा फोन आला.

"आई, आर्या कुठंय?"

"तू नवरा नको म्हनालीस, दर्यानं ऐकलं. आता पोरीच्या नावानं नारळ दे. मोठ्यानं बोल. मला ऐकू आलं तर आनीन तिला."

फोन बंद झाला, तो पुन्हा लागला नाही. पोलिसांनी रात्री तक्रार लिहून घेतली. फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्याने सांगितलं की, एक म्हातारी आणि गणवेशातली मुलगी सकाळी भाईंदरला गेल्या. मुलगी रडत नव्हती. पलीकडे त्यांना पाहिलेलं कोणी सापडलं नाही.

शनिवारी संजनाने भरतीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभं राहून नारळ दिला. मागणं मोठ्याने मागितलं, तीनदा. किनाऱ्यावर गर्दी होती. ऑस्करने ते मोबाइलवर घेतलं आणि जयवंतीच्या नंबरावर पाठवलं.

सोमवारी दुपारपर्यंत ते तिला पोचलेलं नव्हतं.