हॉटेल सोनमासातली वाफेची टोपली

मी एक जुनी बांबूची टोपली आहे. मित्रांनो, टोपली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भाकरीची टोपली येईल, नाहीतर कोंबड्या झाकायची. मी तसली नाही. मी ताटाएवढी गोल आणि बुटकी आहे. माझा तळ जाळीचा आहे आणि डोक्यावर विणलेलं झाकण आहे. उकळत्या पाण्याच्या कढईवर मला ठेवत आणि माझ्या पोटात डिमसम शिजत. डिमसम म्हणजे पातळ पारीत कोळंबीचं नाहीतर कोंबडीचं सारण भरून वाफवलेल्या लहान पुरचुंड्या. हा पदार्थ चिनी लोकांचा. पण आमच्या हॉटेलात आलेली एक म्हातारी तो पाहून म्हणाली होती, "मोदकच की गं हे, आत मासं घातल्यालं!"

आमचं हॉटेल उंब्रजला हायवेच्या कडेला होतं. त्याचं नाव सोनमासा. मालक अमृत मूळचा विट्याचा. त्याच्या वडिलांचं कोलकात्यात सोनं गाळायचं दुकान होतं, त्यामुळे त्याचं लहानपण तिकडेच गेलं. तिथल्या चिनी हॉटेलांची चव त्याच्या जिभेवर बसली होती. सोन्याच्या भट्टीपुढे बसायचं नाही असं ठरवून तो गावाकडे परतला आणि त्याने हे हॉटेल काढलं. पाटीवर ड्रॅगन रंगवून घेतला. पेंटरने त्याला अशा झुबकेदार मिशा काढल्या, की गावातली पोरं त्याला मिशीवाला नाग म्हणत.

मुंबईहून आणलेल्या टोपल्या वाफेने लवकर उसवल्या, म्हणून आचारी बिरदेव त्यांतली एक घेऊन गावातल्या धोंडुबाईकडे गेला. धोंडुबाई बुरूडकाम करणारी. तिने ती उलटीपालटी करून पाहिली आणि हसू लागली.

"आवं, ह्येचं बूड तर समदं उघडं हाय. ह्येच्यात ठेवणार काय?"

"खालनं वाफ आत याया पायजे, मावशी."

"म्हंजी टोपलीचं धुरांडं करायचं म्हणा की!"

तिने पाटणकडचा बांबू चिरला, कामट्या तासल्या आणि मला विणलं. माझी वीण इतकी घट्ट होती, की पुढे कित्येक वर्षं रोजची वाफ खाऊनही मी उसवले नाही.

आता बिरदेवबद्दल सांगते. तो माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातला. तरुणपणी मुंबईला गेला, एका मोठ्या चिनी हॉटेलात भांडी घासायला लागला आणि बघून बघून आचारी झाला. त्याच्या हाताला चव होती, पण लोक नाव घेत ते त्याच्या नाकाचं. झाकण जरासं उचलून तो वाफेवर वाकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "आलं कमी हाय," नाहीतर, "अजून थोडं ऱ्हाऊ दे." मासळी चिपळूणहून कुंभार्ली घाटाने बर्फात घालून यायची. ती उतरली की अमृत आधी बिरदेवला बोलवायचा. बिरदेवने मान हलवली तरच माल आत यायचा. त्याची बायको दीपमाला शेजारी बसून पुरचुंड्यांना चुण्या घालायची. करंजीला मुरड घालणारी तिची बोटं या कामातही सराईत झाली होती.

रविवारी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसे. कराड, सातारा, पार सांगलीहून लोक येत. कुणी आख्खं पापलेट वाफवून मागे, कुणी खेकडा. "चायनीज असू दे, पण जरा झणझणीत करा की," असं प्रत्येक टेबलावरून ऐकू येई. टोपल्यांच्या उतरंडी घेऊन वेटर पळत. मीही त्यांच्या हातून टेबलावर जाई. झाकण उघडलं, की सगळे चेहरे पुढे झुकत. मला तो क्षण फार आवडे.

खिडकीजवळच्या टेबलावर दर रविवारी सुभेदार जयराज येत. पलटणीत असताना ते ईशान्येकडे होते, तिथे त्यांना वाफवलेल्या पदार्थांची गोडी लागली होती. बरोबर त्यांच्या पत्नी विजयमाला आणि नात प्रांजल. प्रांजलचा बाबा सरहद्दीवर होता आणि आई नोकरीसाठी पुण्याला, म्हणून ती आजी-आजोबांजवळ राहायची. झाकण काढायचा मान तिचा. वाफेने तिचा चष्मा पांढरा व्हायचा आणि ती ओरडायची, "आबा, मला काहीच दिसत नाही!" मग बिरदेव स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून म्हणायचा, "हळू गं बाय, चटका बसंल."

सुभेदार त्याला हाक मारत, "बिरदेव, तुज्या हातचं खाल्लं की ड्यूटी पुरी झाल्यागत वाटतं रं गड्या."

एका हिवाळ्यात बिरदेवला ताप आला. आठवडाभर अंथरुणावर होता. उठून कामावर आला, नेहमीसारखं माझं झाकण उचलून वाकला आणि तसाच वाकून राहिला. माझ्यातून आल्या-लसणाची सणसणीत वाफ निघत होती. त्याने पुन्हा श्वास ओढला. मग झाकण हळूच ठेवलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला काहीच वास आला नव्हता.

दीपमालाला हे घरी कळलं. चुलीवर दूध करपून घरभर वास सुटला, तरी बिरदेव शेजारी गप्प बसून होता. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कुणी नसताना ती म्हणाली, "अमृतदादास्नी सांगा. डॉक्टर म्हणतोय, वास परत येईल, न्हाईतर यायचा बी न्हाई."

"न्हाई सांगायचं. कुणालाच न्हाई."

"आवं, पण का?"

"लोक माज्या नाकावर इस्वास ठेवून जेवायला येत्यात. मला कायच कळत न्हाई म्हणलं, तर मी कोण ऱ्हायलो मग?"

तेव्हापासून दीपमालाच सगळ्याचा वास घेऊ लागली. मासळी उतरली, की बिरदेव वाकायचा, पण डोळे तिच्याकडे असायचे. तिने मान हलवली की तो मान हलवायचा. सगळं सुरळीत चाललं. गिऱ्हाईकं पूर्वीसारखीच वाहवा करत. मी मात्र पाहत होते. पूर्वी काम करताना गुणगुणणारा बिरदेव आता मुका झाला होता. वाढलेलं जेवण तो नुसता गिळत होता.

दसरा झाला आणि पुढचा रविवार आला. नवरात्रात मांसाहार सोडलेली माणसं त्या दिवशी हॉटेलावर तुटून पडतात. नेमका त्याच दिवशी सकाळी दीपमालाची आई पडल्याचा निरोप माणहून आला. तिने पिशवी भरली आणि जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "आज कोळंबीला हात लावू नगा. मी न्हाई इथं. अमृतदादास्नी सांगा, आज फकस्त कोंबडीचं आन भाजीचं."

"व्हय, सांगतो."

मित्रांनो, तो सांगायला गेलाही होता. गल्ल्याजवळ जाऊन उभा राहिला. अमृत एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने लोकांना बसवत होता. बिरदेव तसाच परत आला.

मासळीची गाडी उशिरा आली. घाटात दरड पडून ती अडकली होती. पेट्यांमधल्या बर्फाचं पाणी झालं होतं. अमृतने पेटी उघडली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मामा, बर्फ विरघळलाय. कोळंबी बरी हाय का? तुमी म्हणाल तसं. नको म्हणलात तर समदी टाकून देतो."

बिरदेव पेटीवर वाकला. त्याने डोळे मिटले. कोळंबीचा रंग ठीक होता, अंग अजून गार होतं. बाहेर टेबलं भरली होती आणि अमृत तोंडाकडे बघत होता.

"चांगली हाय," बिरदेव म्हणाला.

ती चांगली नव्हती. सारण माझ्यात आलं, तेव्हाच माझ्या विणीत तो आंबूस वास शिरला. वर आलं, लसूण, तिळाचं तेल होतं, त्याखाली तो दबला. बांबूला तोंड नसतं. मी कढईवर तापत राहिले.

मला खिडकीजवळच्या टेबलावर नेलं. प्रांजलने झाकण काढलं, चष्मा पुसला आणि एक डिमसम तोंडात टाकला. दुसरा उचलला तेव्हा सुभेदारांनी आपला घास चावता चावता थांबवला.

"वास जरा येगळा येतोय का गं?" ते विजयमालांना म्हणाले.

"मला काय कळत न्हाई बाई तुमच्या ह्या मोमोतलं," त्या म्हणाल्या. त्यांचा उपास होता. त्या नुसत्या सोबतीला बसल्या होत्या.

सुभेदारांनी प्रांजलपुढची बशी बाजूला केली आणि तिच्यासाठी नूडल्स मागवल्या. मग क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "भास असंल. बिरदेव चुकायचा न्हाई," असं म्हणत उरलेलं सगळं त्यांनीच संपवलं. पानात अन्न टाकायचं नाही, ही त्यांची पलटणीतली सवय होती.

संध्याकाळपासून फोन सुरू झाले. त्या दिवशी कोळंबी खाल्लेल्या बऱ्याच जणांना उलट्या झाल्या. बहुतेकजण सलाईनवर बरे झाले. प्रांजललाही कराडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, ती काही दिवसांनी हसायला-बोलायला लागली. सुभेदारांची किडनी आधीपासून अधू होती. ते दवाखान्यातून घरी आलेच नाहीत.

हॉटेलला सरकारी सील लागायच्या आधी अमृत स्वयंपाकघरात आला. बिरदेव ओट्यापाशी बसला होता. माणहून परतलेली दीपमाला त्याच्या शेजारी होती.

"मामा, तुमी म्हणाला व्हता, चांगली हाय."

"मला वास येत न्हाई, अमृत," बिरदेव म्हणाला. "तापात गेला, तवापासनं."

"बापाच्या जागी धरलं व्हतं तुमास्नी," एवढंच अमृत म्हणाला आणि बाहेर गेला.

बिरदेव स्वतः पोलिसांकडे गेला आणि जे घडलं ते सांगितलं. चौकशी झाली. खटला अजून चालू आहे. हॉटेल मात्र पुन्हा उघडलं नाही. काही महिन्यांनी सील निघालं, तेव्हा भांडीकुंडी आवरायला अमृतने बिरदेवला आणि दीपमालाला बोलावलं. त्याच दिवशी मागच्या दाराशी विजयमाला आल्या. सुभेदारांची काठी त्या रविवारी खिडकीपाशी राहिली होती. ती न्यायला त्या आल्या होत्या.

दीपमालाने काठी पुसून त्यांच्या हातात दिली. बिरदेव पुढे झाला. त्याचे हात जोडलेले होते.

"वैनी, मला वासच कळत नव्हता. मी लपीवलं."

"ऐकलंय मी समदं," विजयमाला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्यास्नी वास आला व्हता, बिरदेवभावजी. येगळा येतोय म्हणालं. मग म्हणालं, बिरदेव चुकायचा न्हाई. आन खाल्लं."

बिरदेवने जोडलेले हात कपाळाला लावले.

"पोर अजून इचारती, आबा कवा येणार," विजयमाला म्हणाल्या. "तिला काय सांगू, ते तुमी सांगा."

त्या काठी घेऊन गेल्या. त्यांनी माफ केलं नाही, आणि बिरदेवने माफी मागितलीही नाही. मागण्यासारखं काही उरलंय असं त्याला वाटलं नसावं.

दोघं माणला परतले. येताना दीपमालाने मला बरोबर घेतलं. बिरदेव भावाची मेंढरं राखू लागला. घरात तो चुलीकडे फिरकत नसे. मला दीपमालाने कांदे ठेवायला घेतलं.

मग गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या नाथाजीच्या लेकीचं लग्न ठरलं. नाथाजी सकाळीच दारात आला.

"बिरदेव, वऱ्हाडाचं जेवाण तूच करायचं रं. मुंबईचा आचारी घरात असताना आमी भायेरचा का आणू?"

बिरदेव नाही म्हणाला. नाथाजी हटून बसला. शेवटी बिरदेव उभा राहिला, दाराची चौकट धरली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "नाथाजी, मला वास येत न्हाई. अन्न चांगलं का नासलं, मला कळत न्हाई. माज्यामुळं एक माणूस गेलाय."

मी दीपमालाकडे पाहिलं. ती चुलीजवळ श्वास धरून उभी होती.

नाथाजीने डोक्यावरची टोपी मागे सारली. जरा विचार केला. "बरं," तो म्हणाला, "मग आमची सून रेश्मा बशीव शेजारी. ती घील वास. तू फकस्त मापं सांग, हात लाव."

त्याने एवढंच म्हटलं. तो तंबाखू मळत उठला आणि मंडपाच्या कामाला निघून गेलासुद्धा.

बिरदेव चौकट धरून तिथेच उभा राहिला. मग घराच्या मागे गेला. गोठ्याच्या भिंतीआडून त्याचं रडणं ऐकू आलं. सुभेदार गेले त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. दीपमाला जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. "एवढंच व्हतं गं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "एवढंच सांगायचं व्हतं."

लग्नाच्या दिवशी नाथाजीची सून रेश्मा पदर खोचून त्याच्या शेजारी बसली. प्रत्येक जिन्नस आधी तिच्या नाकाखाली जायचा. जेवण चांगलं झालं. लोकांनी नाव घेतलं. बिरदेव मात्र पंगतीला बसला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला ऐकू येईनासं झालं असेल, दिसेनासं झालं असेल, कुणाला एखादी गोष्ट जमेनाशी झाली असेल आणि ते माणूस ती झाकत असेल, तर त्याच्याजवळ बसा. त्याला बोलतं करा. ते जे सांगेल त्यावर हसू नका आणि तोंडही फिरवू नका. आणि तुमच्या बाबतीत असं काही झालं, तर वेळेवर कुणाला तरी सांगा. खिडकीजवळच्या त्या टेबलापाशी प्रांजलच्या शेजारची खुर्ची आता कुणीच भरू शकत नाही.