एकदम बंद करायची नसते

आमची आई म्हणजे तोंडाचा पट्टा. नळावर ती उभी राहिली की भांडायला आलेल्या बायका बादल्या उचलून चालू पडायच्या. बाबा गेले त्या दिवशी डॉक्टरांनी तिला झोपेची गोळी दिली. चार दिवसांपुरती. ती आजतागायत चालू आहे, आणि आईचं तोंड तेव्हापासून बंद! दवाखान्यात रांग दारापर्यंत, डॉक्टर मान वर न करता विचारणार, "झोप लागते ना?" ही मान डोलावणार, ते लिहून देणार. संपलं. आमच्या मजल्यावर निम्म्या बायकांना तीच गोळी. कुणाची संपली तर वाटीभर साखर मागावी तशी शेजारणीकडे मागतात.

परवा आईने गॅस चालू केला आणि पेटवायलाच विसरली. माझं डोकंच फिरलं. सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या, शेजारणींना दम भरला, "हिला एक जरी दिलीत तर याद राखा!"

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी आई जागी झाली! हात थरथरत होते, पण मला म्हणते कशी, "भवाने, केस आहेत की झिपऱ्या?" इतक्या वर्षांनी बोलणी खाऊन मला भरून आलं. मग एकदम तिने विचारलं, "तुझे बाबा गेले तेव्हा मी रडले होते का गं?"

"नाही. झोपली होतीस."

तेव्हा ती रडायला लागली. बाबा आत्ताच गेल्यासारखी. आणि रडता रडताच तिचे डोळे फिरले, दातखीळ बसली, जमिनीवर पडून झटके यायला लागले.

शेजारणींनी उचलून दवाखान्यात आणली. झटके थांबल्यावर डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "ही गोळी एकदम बंद करायची नसते! जिवावर बेततं."

"हे आधी कुणी सांगितलं? तुम्ही?"

त्यांनी केसपेपर पुढे ओढला. मग हळूच म्हणाले, "कमी करता येईल. थोडी थोडी, कित्येक महिने. पण घरी कुणीतरी सतत लक्ष ठेवायला हवं."

घरी कोण बसणार, कपाळ माझं? मी शिवणकारखान्यात राबते तेव्हा घरात चूल पेटते. खाडा झाला की मुकादम माझ्या मशीनवर दुसरीला बसवतो.

आज कामावर निघताना मी तीच अख्खी गोळी आईच्या तोंडाशी नेली. तिने माझं मनगट धरलं.

"थांब ना गं जरा," म्हणाली, "माझं रडून व्हायचंय अजून."

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. मी गोळी तिच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.