‘किरकोळ वाद’

मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडी, बूड रबरी आणि बुडावर दोनच शब्द : ‘किरकोळ वाद’. आज कपाटात धूळ खात पडलो असलो, तरी मित्रांनो, एके काळी आख्ख्या पोलीस ठाण्याचं पान माझ्यावाचून हलत नसे!

मला करवून आणलं ते ठाण्याच्या कारकुनांनी. त्यांची बोटं सदा निळी, म्हणून सगळे त्यांना शाईबुवा म्हणत. तक्रारवहीत शेवटचा रकाना ‘कारण’ असा होता. तिथे तेच ते दोन शब्द लिहून त्यांचा हात भरून येई. मी आलो आणि काम चुटकीसरशी होऊ लागलं. नळावरची बाचाबाची, सायकलीची धडक, शेजाऱ्याच्या कोंबड्या... ठप्प! “हा माझा उजवा हात,” असं म्हणत ते मला फडक्याने पुसत. काय दिवस होते ते! खिडकीतून टेबलावर ऊन यायचं, शाईचा वास सुटायचा, शाईबुवा स्वतःशीच गुणगुणायचे. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवसांची अजून फार आठवण येते.

त्याच दिवसांत कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई तीनदा तक्रार घेऊन आल्या. त्यांच्या लोकांची बोली वेगळी, प्रार्थना वेगळी. आधी त्यांच्या दारावर कुणी रंगवून गेलं, ‘तुमच्या लोकांनी इथून चालतं व्हावं’. मग काचा फुटल्या. तिसऱ्यांदा तर शिलाई मशीनच फोडलं. शाईबुवा मनाने वाईट नव्हते हो. बाईंना खुर्ची देत, पाणी देत, सगळं शब्दन् शब्द लिहून घेत आणि शेवटी सवयीने मला उचलत. तिन्ही वेळा मी दिमाखात उमटलो.

काही वर्षांनी राज्याची अभ्यास समिती आमच्या ठाण्यात आली. द्वेषापोटी केलेल्या गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा हवा की नको, याचा ती अभ्यास करत होती. अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. शाईबुवांनी ‘कारण’ या रकान्यावरून बोट फिरवलं, समितीच्या कागदावर शून्य मांडलं आणि छातीठोकपणे सांगितलं, “आमच्याकडे असा एकही गुन्हा नाही, मॅडम. शून्य!”

“दुखणंच नाही, तर औषध कशाला?” समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

बोलावलेल्या लोकांत शिंपीणबाई होत्या. त्या ताडकन उठल्या.

“शून्य? मग माझ्या मशीनचा कुणाशी वाद झाला होता, साहेब? ते बिचारं तर कुणाशी बोलतही नव्हतं! तुमच्या कागदावर शून्य गेलं ना, तर मी दुकान बंद करून लेकीकडे निघून जाते. चौथ्यांदा तक्रार घेऊन या पायऱ्या चढायचं त्राण नाही माझ्यात.”

अध्यक्षाबाईंनी तिन्ही तक्रारी मोठ्याने वाचायला सांगितल्या. शाईबुवा स्वतःचंच अक्षर वाचू लागले. दारावरचं ते वाक्य आलं आणि त्यांनी वहीवरून मान वर केली.

“हे मीच लिहिलंय,” ते म्हणाले, “आणि माझ्या डोक्यात काही शिरलंच नाही. चुकलो मी, बाई.”

मित्रांनो, तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्या कामाचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला, ते काम हे होतं!

शाईबुवांनी समितीच्या कागदावरचं शून्य खोडलं आणि हाताने लिहिलं : ‘निदान तीन. बाकीची वही पुन्हा वाचावी लागेल.’ मग न पुसताच त्यांनी मला कपाटात ठेवलं. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. समितीने सगळ्याच ठाण्यांना वह्या पुन्हा वाचायला लावल्या. कायदा करावा की नाही, यावर तिच्यातही दोन तट होते म्हणे. ते ठरवणारा मी कोण? रबराचा तुकडा!

शिंपीणबाई मात्र गेल्या नाहीत. त्यांच्या मशीनची घरघर मला कपाटात ऐकू येते आणि जिवाला बरं वाटतं.

मुलांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल, कुठल्याशा टेबलामागे बसाल. कुणी रडत दाराशी आलं, तर आधी त्याचं शेवटपर्यंत ऐका. माझ्यासारख्याला हात घालायची घाई करू नका. मी एकदा उमटलो, की पुढे कुणी काही विचारत नाही.