पुलाखालची वीतभर जागा

राजाभाऊंची गाडी धक्क्यावर यायच्या आधी सुलक्षणाने हत्यारांच्या पेटीतून चौदा नंबरचा पाना काढला आणि स्वतःच्या पँटच्या खिशात टाकला. बोटीचं छत चार खांबांवर उभं होतं आणि त्या खांबांचे बोल्ट याच पान्याने निघत. हमीदने ते पाहिलं. हमीद श्रीवर्धनचा, बोट चालवण्यात मुरलेला, बोलण्यात कंजूष.

"ताई, आज छत काढायचं नाही?"

"नाही."

"पौर्णिमा आहे. पाणी लय चढंल."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि आमिषाच्या टाकीतल्या मेलेल्या तारल्या वेचून काढू लागली.

आठवडाभर सुलक्षणा दुबईतल्या एका प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासत असे. शुक्रवारी मात्र नवऱ्याच्या, अंबादासच्या, बोटीवरून ती पाहुण्यांना उम्म अल क्वैनच्या खोरात, म्हणजे तिथल्या खाडीत, मासे पकडायला न्यायची. बुकिंग अंबादास घ्यायचा. कुठल्या वेळी कुठल्या पाण्यात जायचं ते ती ठरवायची. तिचे वडील रत्नागिरीच्या बंदर खात्यात होते. धक्क्यावरच्या खुणांच्या खांबावर पाणी कुठवर आलं ते वाचणं, हे त्यांचं काम. घड्याळ चुकेल पण पाणी चुकायचं नाही, असं ते म्हणत. एम.एस्सी.ला भरतीची गणितं शिकताना सुलक्षणाला ती नवी वाटलीच नव्हती.

या शुक्रवारचं बुकिंग कोणाचं आहे ते अंबादासने सांगितलं, तेव्हा तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "तू घरी राहून आपल्या उर्वीचा अभ्यास घे. यांना मीच नेते."

राजाभाऊ आले ते मोठ्याने बोलतच.

"गुड मॉर्निंग वहिनी! मिस्टर कुठे? बायकोला कामाला लावून घरी झोपलेत की काय? नशीबवान माणूस." त्यांनी हमीदच्या हातात आपली रॉड दिली. "मागच्या वर्षी फ्लोरिडाला गेलो होतो. तिथे पुलाखाली टार्पन पकडला. माझ्याएवढा! फोटो आहे ऑफिसात. इथे काय आहे तसं?"

"टार्पन नाही मिळायचा. पण पुलाच्या खांबांपाशी क्वीनफिश असतो, आपल्या कोकणातला दागोळ. तोही गळाला लागला की उड्या मारतो."

"उडी मारणाराच पाहिजे. खाली मान घालून येतो तो काय मासा? तशी आमच्याकडे दोनशे लेबर आहे." ते आपल्याच विनोदावर हसले. "फक्त एक करा. बारा म्हणजे बाराला मला धक्क्यावर सोडा. चारची फ्लाइट आहे. उद्या सकाळी साताऱ्याला आईचं सहस्रचंद्रदर्शन. म्हातारीने हजार पौर्णिमा पाहिल्या, आता मुलाने शेजारी बसून पूजा करायची. एकुलता एक ना मी. माझ्याशिवाय तांब्या हलायचा नाही."

"बाराला," सुलक्षणा म्हणाली.

टोपी, काळा चष्मा, तोंडावर बांधलेला रुमाल. राजाभाऊंनी तिला ओळखलं नाही. कदाचित रुमाल नसता तरी ओळखलं नसतं. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा अजून लटकत होता. तो मात्र तिने लगेच ओळखला.

चौऱ्याण्णव साली सुलक्षणा नव्यानेच दुबईत आली होती, राजाभाऊंच्या पाणी शुद्धीकरणाच्या कंपनीत केमिस्ट म्हणून. आल्या दिवशी पासपोर्ट जमा करायचा, तो त्यांच्या ऑफिसातल्या तिजोरीत जायचा, सगळ्यांचाच जाई. एका गुरुवारी संध्याकाळी रत्नागिरीहून फोन आला. बाबा अत्यवस्थ आहेत, सारखं सुलू आली का विचारताहेत. रात्रीच्या विमानात जागा होती. बर दुबईतल्या मैत्रिणीने तिकीट काढूनही ठेवलं. सुलक्षणा टॅक्सी करून राजाभाऊंच्या घरी पोचली तेव्हा ते गाडीत रॉड आणि बर्फाच्या पेट्या भरत होते. तिने हात जोडून सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं.

"अरेरे. पण तिजोरीची किल्ली पीआरओकडे आहे. शनिवारी ये, लगेच देतो."

ते बोलत होते आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला हलत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. ती पाहते आहे हे त्यांनीही पाहिलं आणि शर्ट खाली ओढला. दुष्टपणाही नव्हता त्यात. ऑफिस खाडीपलीकडे, गाडी तिकडे वळवायचा त्यांना कंटाळा आला होता, इतकंच. शनिवारी पीआरओ, व्हिसा-पासपोर्टची कामं पाहणारा माणूस, म्हणाला, माझ्याकडे कधीच नसते किल्ली. बाबा शुक्रवारी गेले होते.

खोर आत दूरवर जाऊन खारफुटीत शिरतं. तिथे एका बेटाला पाणी नेणारा पाइपांचा बुटका पूल आहे. दोन जाड पाइप, खाली काँक्रीटचे खांब, दोन्ही टोकांना काटेरी तारांची दारं. वरून माणूसही चालू शकत नाही. मासा पुलाच्या आतल्या बाजूला. ओहोटी पूर्ण लागली की छतासकट बोट पुलाखालून जाते, पण वर जेमतेम वीतभर जागा उरते. एरवी सुलक्षणा छत उतरवूनच आत जायची. आज हमीदने इंजिन मंद केलं, सगळे वाकले आणि पाइपांवरचे शिंपले छताला जवळजवळ घासत मागे गेले.

"वा! हे म्हणजे फ्लोरिडासारखं झालं," राजाभाऊ म्हणाले.

पाणी चढायला लागलं तसे मासे खांबांपाशी आले. राजाभाऊंना गळ टाकता येत होता, एवढं मान्य करायला हवं. पहिला क्वीनफिश लागला तो सरळ पाण्याबाहेर उडाला, चंदेरी, हातभर लांब, आणि डोकं झाडत पुन्हा आत पडला. राजाभाऊ शिट्टी वाजवत होते. दोन मासे आले, तिसरा तुटून गेला. सुलक्षणा पुलाच्या दुसऱ्या खांबावरच्या शिंपल्यांच्या रेघेकडे पाहत होती. पाणी त्या रेघेला टेकलं. त्याच्या वर चढलं की छतासकट बोट निघत नसे.

आदल्या रात्री तिने स्वतःशी एक ठरवलं होतं. एकदा विचारायचं. तेव्हाही तिने एकदाच विचारलं होतं.

"राजाभाऊ, पाणी चढतंय. निघायचं का?"

"आत्ता? अहो, आत्ता तर कुठे खायला लागलेत. तुटलेला तो बाप होता सगळ्यांचा. अजून एक, मग निघू."

"आत्ता नाही निघालो तर पूल अडवेल."

"वहिनी, तुम्ही बायका फार घाबरता. यल्ला, हमीद, आमिष लाव."

हमीदने सुलक्षणाकडे पाहिलं. तिने नजर खांबावरून हलवली नाही. त्याने आमिष लावलं.

अकरा वाजून गेल्यावर राजाभाऊंनी घड्याळ पाहिलं, रॉड बाजूला ठेवली आणि म्हणाले, "खलास. चला आता." हमीदने बोट पुलापाशी नेली आणि हाताने पाइप धरून थांबवली. पाइप छताच्या कडेखाली आले होते, हमीदच्या छातीच्या उंचीवर.

राजाभाऊ आधी हसले. मग त्यांनी पाइपाकडे, छताकडे आणि पुन्हा पाइपाकडे पाहिलं.

"म्हणजे काय? कधी उतरणार हे?"

"पाचनंतर," सुलक्षणा म्हणाली.

"पाचनंतर? माझी चारची फ्लाइट आहे! दुसरी बोट बोलवा."

तिने फोन लावून दिला, खोटा नाही, खराच. धक्क्यावरच्या माणसाने सांगितलं की जुम्म्याचा दिवस, काही जण नमाजाला, बाकीचे समुद्रात. चारच्या आत कोणी यायचं नाही.

"मग हे छत काढा ना. कशावर तरी बसवलंच असेल."

"बोल्ट आहेत. पाना लागेल."

"असेल ना पेटीत."

"बघा तुम्हीच."

राजाभाऊंनी पेटी उलटी केली. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, गंजलेले गळ. पक्कड बोल्टवरून घसरत राहिली. शर्ट घामाने पाठीला चिकटला, तेव्हा ते मटकन बसले, पाणी प्यायले, थोडा वेळ पुलाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी खिशातून फोन काढला.

सुलक्षणाला वाटलं होतं की हा क्षण गोड लागेल. राजाभाऊंचा चेहरा पडेल, आवाज फुटेल, आणि आपण समोर बसून ते सगळं पाहू. आठ वर्षं या ना त्या रूपात तिने तो मनात पाहिला होता.

"आई? हां, मीच. अगं, एक घोटाळा झालाय." राजाभाऊंचा आवाज अगदी सरळ होता, सवयीचा. "पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत राहिलाय. किल्ली पीआरओकडे, आणि तो सुट्टीवर. शनिवारशिवाय काही होत नाही बघ."

सुलक्षणाने रुमाल तोंडावरून खाली घेतला.

लांबचा फोन म्हणून म्हातारी मोठ्याने बोलत होती. बोटीवर प्रत्येक शब्द पोचत होता. "मग असू दे रे. एवढं काय त्यात? पुढच्या पौर्णिमेला करू. सगळ्यांना सांगते मी. मी काय कुठे पळून चाललेय? तू जेवलास का?"

बाबांना असं म्हणता आलं नव्हतं. पुढच्या पौर्णिमेला ये, असं. सुलक्षणाने पाण्याचा, चंद्राचा, पुलाच्या उंचीचा, सगळ्याचा हिशेब केला होता. हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं की जिवंत आई थांबू शकते. आठ वर्षं वाट पाहिल्याची किंमत एक महिना झाली होती, आणि तोही माफ.

तेवढ्यात बाजूला ठेवलेली रॉड वाकली. दोर पाण्यातच राहिला होता. राजाभाऊ उडी मारून उठले. "आई, ठेवतो, कोणीतरी आलंय!" त्यांनी फोन सुलक्षणाच्या हातात कोंबला. "वहिनी, बंद करा हो जरा. हमीद, बोट फिरव!"

फोनच्या छोट्या पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. बंद करायचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. नुसतं दाबायचं.

तिने दाबलं नाही. फोन तळहातावर उताणा धरला.

मासा पुलाच्या खांबापाशी उडाला, सकाळी तुटलेल्यापेक्षाही मोठा, आणि राजाभाऊ लहान मुलासारखे ओरडले. "बघितलास हमीद? अरे, बरं झालं अडकलो! सुटलो म्हण. नाहीतर उद्या दिवसभर सोवळं नेसून पाटावर बसायचं, त्या म्हातारीचे चंद्र मोजत. चार वर्षं टाळतोय साताऱ्याला जायचं. दर वेळी काय नवीन सांगणार? आज देवानेच पूल आडवा घातला."

हमीदचं लक्ष सुलक्षणाच्या हाताकडे गेलं. तो इंजिनाकडे वळला आणि त्याने ते बंद केलं.

त्या शांततेत फोनमधून आवाज आला. "राजा?"

राजाभाऊंनी मान फिरवली. सुलक्षणाने फोन पुढे केला. "आई आहेत. लाइनवरच आहेत."

रॉड त्यांच्या हातून सुटली आणि काठावर आपटून पाण्यात गेली. त्यांनी फोन कानाला लावला. या वेळी म्हातारी काय बोलली ते कोणाला ऐकू आलं नाही, ती हळू बोलत होती. राजाभाऊ "अगं नाही", "अगं तसं नाही" एवढंच म्हणत राहिले. मग तेही थांबलं. फोन कानालाच होता, पण पलीकडे कोणी नव्हतं.

"परत लावा," हमीद म्हणाला.

त्यांनी लावला. तो वाजत राहिला.

"मला गेलं पाहिजे," राजाभाऊ म्हणाले. आता आवाज फुटला होता. "वहिनी, आत्ता पोचलो तर मिळेल अजून फ्लाइट. समोर जाऊन बसलो तर... फोनवर नाही ऐकायची ती. काहीतरी करा. तुम्ही म्हणाल ते देतो. तो पाना कुठे असेल? आठवा ना."

"पाना गॅरेजमध्ये आहे," सुलक्षणा म्हणाली. "शनिवारी या, लगेच देते."

तिचा उघडा चेहरा राजाभाऊंनी पहिल्यांदाच नीट पाहिला असावा. कपाळावर आठी आली आणि तशीच राहिली. मग नजर खाली सरकली, तिच्या पँटच्या खिशावर, जिथून पान्याचं तोंड बोटभर बाहेर आलं होतं, आणि उन्हात चमकत होतं.

सुलक्षणाने त्यांची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि शर्ट खाली ओढला.

"तू..." ते म्हणाले. "तुम्ही ती... वडील..." नाव त्यांना आठवलं नाही. तिने सांगितलंही नाही.

"हमीद," ते वळून म्हणाले, "तू तरी सांग यांना. तुझी आई आहे ना गावाला?"

हमीद इंजिनावरचं मीठ फडक्याने पुसत होता. पुसलेलंच पुन्हा पुसत होता. "साहेब, मी फक्त बोट चालवतो."

पाणी अजून चढत होतं. मग ते थांबलं, आणि बराच वेळ ना चढलं ना उतरलं. राजाभाऊंनी आणखी दोनदा फोन लावून पाहिला. नंतर ते छताच्या सावलीत, पाठ फिरवून बसले. सुलक्षणाने थर्मासमधला चहा तीन पेल्यांत ओतला आणि एक त्यांच्याजवळ सरकवला. त्यांनी तो घेतला नाही.

ती दुसऱ्या खांबावरच्या रेघेकडे पाहत बसली. पाना मांडीला टोचत होता. एकदा तिचा हात खिशाकडे गेला, "राजा?" म्हणणारा तो आवाज पुन्हा कानात आला तेव्हा. त्या बाईने तिचं काहीही घेतलं नव्हतं. हात खिशावर काही वेळ राहिला. मग तिने तो काढून चहाच्या पेल्याभोवती धरला.

पाच वाजून गेल्यावर शिंपल्यांची रेघ उघडी पडली, आणि हमीदने न विचारता इंजिन सुरू केलं.