नऊ पावलं

"बाबा, नखं तुटतील. फावडं आनू का?" वाडीतला गेणभाऊ म्हणाला.

म्हातारा सावळाराम थांबला नाही. गाळातून वर आलेला दगड तो बोटांनीच खरवडत होता. वरच्या टोकाला खाच लागली. ती त्याच्या बापाने छिन्नीने पाडलेली. धरणात बुडालेला हा हद्दीचा दगड यंदा दुष्काळाने पाणी तळाला गेलं म्हणून उघडा पडला होता. सावळारामने आखलेली हद्द मात्र तिथून नऊ पावलं पुढे होती, शेजाऱ्याच्या रानात.

आंबेगावच्या पश्चिमेला कोळी महादेवांची ही सत्तावीस घरांची वाडी. शेतं बुडाली तेव्हा सावळारामनेच लोकांना उभं केलं होतं. कचेरीपुढे तेरा दिवस बसून त्याने एवढं मिळवलं, की पाणी हटल्यावर ज्याने त्याने आपल्या जुन्या जागी हरभरा, मसूर पेरावा. बांध वाहून गेले होते. हद्दी उरल्या त्या त्याच्या डोक्यात. दरसाल तो काळ्या खडकावर उभा राही, डोंगराच्या धारेवरचं हिरड्याचं मोठं झाड बघे आणि त्या रेषेत पहिली दोरी टाके. तिथून पुढे ओढ्यापर्यंत एकेकाचं रान मापून देई. दोरीच्या अलीकडचं रान त्याचं स्वतःचं, ओढ्याला लागून शेवटचं विधवा भागूचं.

त्याने धारेकडे मान वर केली. वयाने डोळ्यांपुढे धुकं होतं, त्यात झाडाचा नुसता ठिपका.

"मोठा हिरडा तोच ना रं?"

"मोठा कुठं? त्यो चार वर्सांमागं वादळात मोडला, नुसतं खोड ऱ्हायलंय. ह्यो पल्याडचा."

"मला कुनी सांगितलं न्हाई?"

"तुमाला कोन सांगनार? आमाला वाटलं, बाबाला ठाव असंल."

बियाणाची पाटी घेऊन आलेली भागू मागे उभी होती. तिच्याकडे न बघता सावळाराम म्हणाला, "भागू, तुझं रान नऊ पावलं गेलं. सगळ्यांचं सरकलं, पन तुझ्या फुडं ओढा. माझं तेवढं वाढलं."

"मी म्हनत व्हते की, रान आकसलं," भागू म्हणाली. "तुमी म्हनला, ओढ्यानं खाल्लं असंल. मंग मीबी तसंच धरलं."

गेणभाऊने आवाज खाली आणला. "दुपारी धरनाचा सायेब येतोय. पाच वर्सं पेरायचा कागद देनार हाये. वाद नसला तरच. आज गप ऱ्हावा, राव. कागद हातात पडू द्या, मंग भागूचं बघू."

दुपारी साहेब आले. खडकावर फाइल उघडून त्यांनी विचारलं, "हद्दीवरून कुणाची तक्रार?"

जमलेल्यांनी नकाराच्या माना हलवल्या. भागूने खाली बघत पदर तोंडाशी धरला.

"हाये," सावळाराम म्हणाला.

"कुणावर?"

"माझ्यावर. चार वर्सं मी चुकीची दोरी टाकली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग सरकारी मोजणी होईपर्यंत कागद नाही. तोवर पेरायचंही नाही."

"कधी हुईल मोजनी?"

"बघू. पुढच्या साली."

जीप गेल्यावर गेणभाऊने दोरी गाळात फेकली. "लई खरं बोललात, बाबा! आता पोरांना खायाला काय, ह्यो दगुड घालू?"

दोन दिवसांत वाडी निम्मी रिकामी झाली. माणसं नारायणगावला टोमॅटोच्या कामावर गेली. जाताना सावळारामच्या दारात कोणी थांबलं नाही.

तो एकटाच गाळात खुंट्या घेऊन उतरला. पेरणी होणार नव्हती, पावसाळ्यात सगळं पुन्हा पाण्याखाली जाणार होतं. तरी त्याने दगडाला दोरी बांधली. दुसरं टोक धरून खडकाकडे चालत गेला आणि थांबला. धार दिसत होती, धारेवरचं खोड काही दिसत नव्हतं.

"सरका, मी बघते," मागून आलेली भागू म्हणाली. बोचकं तिने खडकावर ठेवलं. खाली रस्त्यावर नारायणगावला निघालेला टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"मोठ्याचं खोड दिसतंय का गं?"

"दिसतंय."

सावळारामने खुंटी धरली. "बरोबर हाये?"

भागूने एक डोळा मिटून दगडावरून धारेकडे पाहिलं. हॉर्न पुन्हा वाजला. तिने घाई केली नाही.

"मागं या, बाबा. आजून एक पाऊल."

सावळाराम स्वतःच्या रानात एक पाऊल मागे सरला आणि त्याने खुंटी ठोकली.