आपूची मान

आपू हसली की तिला दुखतं. सहा वर्षांच्या पोरीला हसायची भीती वाटावी, याहून वाईट मी काही पाहिलेलं नाही. गंमत आठवली की ती आधी दोन्ही हातांनी मानेमागे दाबून धरते, मग ओठ मिटून, जपून हसते.

तीन वर्षांची असताना झोक्यावरून पडली म्हणून यवतमाळला एमआरआय काढला होता. पडण्याचं काही निघालं नाही, पण लहान मेंदूचं खालचं टोक कवटीच्या भोकातून मानेत जरासं उतरलेलं दिसलं. कियारी म्हणतात त्याला. डॉक्टर म्हणाले, सध्या काही करायचं नाही, लक्ष ठेवा, त्रास दिसला तर परत या. आमच्या घराने त्यातलं 'काही करायचं नाही' एवढंच फुलसावंगीला आणलं. बाकीचं बहुधा एसटीतच राहिलं.

घर म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. चौकात त्यांचं औषधाचं दुकान आहे, म्हणून गाव त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतं, आणि त्यांना ते खरं वाटतं. सासूबाई त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. माझा नवरा संघदीप त्यांना विचारल्याशिवाय मिशीही कापत नाही.

आपूची मान दुखू लागली तेव्हा भासऱ्यांनी गुलाबी सिरप दिलं. खोकला आला की ती डोकं धरून रडायची, तर शाळा बुडवायचं नाटक म्हणाले. मग एक दिवस तिने तव्यावर बोट टेकवलं आणि काढलंच नाही. कातडी पांढरी पडली तरी पोळी मागत होती. मी तिचा हात पाण्यात धरला आणि मलाच रडू फुटलं.

"मम्मी, तू कायले रडतं?" ती म्हणाली. "मले तं काईच झालं नाई."

पुन्हा एमआरआय काढू, मी म्हटलं. भासऱ्यांनी जुनी फिल्म मागवली, ट्यूबलाइटसमोर उलटी धरली आणि बराच वेळ मान डोलवली.

"जन्मजात हाय ना हे? मंग. जन्मजात गोष्ट वाढत नसते. अंगावरचा तीळ वाढते का?"

घरचे सगळे समाधानाने हसले. भासऱ्यांच्या गालावरचा तीळ लग्नाच्या फोटोत मोहरीएवढा आहे. आता वाटाण्याएवढा झालाय. तो घेऊनच ते हे बोलत होते.

सासूबाईंचं निदान वेगळं. मेंदू खाली उतरला म्हणजे टाळू पडली. तान्ह्या लेकराची टाळू खोल गेली की इकडे त्याला पाय धरून उलटं करतात आणि तळव्यांवर थापट्या मारतात, म्हणजे टाळू वर येते म्हणे. सहा वर्षांच्या पोरीची टाळू कधीचीच भरलेली, हे कोणाला सांगायचं? मी दळण घेऊन परतले तर शेजारच्या मानीबाईने आपूला उलटं धरलेलं. लेकरू मान सावरायला हवेत हात मारत होतं. आणि डॉक्टरसाहेब खुर्चीत बसून, जरा जोरात मारा, असं सांगत होते.

मी पिठाचा डबा टाकला आणि आपूला झेललं.

"भाऊजी, तुमी दुकानात गोळ्या इका. माह्या पोरीच्या मानेले हात लावसान तं मी ठाण्यात जाईन."

"संघदीप, बायकोले आवर."

संघदीपने जमिनीकडे पाहिलं. त्या कामात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या एसटीत तो माझ्या शेजारी होता, आणि प्रत्येक खड्ड्याला आपूचं डोकं तळहातावर तोलून धरत होता. तेवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय काढायला लावला आणि जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावली. हे वाढतं का, मी विचारलं. पुष्कळांचं आयुष्यभर आहे तसंच राहतं, ते म्हणाले, काही मुलांचं वयाबरोबर कमीही होतं, आणि काहींचं वाढतं. आधी कळत नाही, म्हणून तर लक्ष ठेवायचं. आपूचं टोक आणखी खाली आलं होतं. त्याने मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडून ते मज्जारज्जूत साचलं होतं, म्हणून बोटाला चटका कळत नव्हता. नागपूरला ऑपरेशन करून जागा मोकळी करावी लागेल. पुढचं नुकसान बहुधा थांबेल. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही.

संघदीपने खिशातून फोन काढला. भाऊले विचारतो, म्हणाला. भासऱ्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता: मशीन खराब असन, दिवाळीनंतर पाहू.

मी फोन त्याच्या हातातून घेतला आणि बंद केला.

"डॉक्टर, नागपूरला कोणाकडे जायचं ते सांगा. आम्ही इथूनच निघतो."

संघदीप पुन्हा जमिनीकडे पाहू लागला. मग उठला, आणि एक हात मानेखाली घालून त्याने आपूला उचलून घेतलं.