गाळायला उशीर

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या बायकोच्या तोंडून कुणाचं कौतुक बाहेर पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये तिने एकोणतीस वर्षं काढली. तिथे तिचं काम एवढंच की पातेलं बाहेर जाण्याआधी चमचाभर चाखायचं आणि नावं ठेवायची. मीठ चिमूटभर जास्त झालं तरी पातेलं परत जायचं, आणि आचारी तिच्या नावाने बोटं मोडायचे. घरी आल्यावर तरी ती सवय कशी सुटणार? लग्नानंतर नवऱ्याने पहिल्यांदा चहा केला, तेव्हा एक घोट घेऊन ती म्हणाली होती, "पाणी छान उकळलंय." बाइंडर हा किस्सा चारचौघांत हसून सांगायचा. मनातून त्याला बायकोच्या जिभेचा अभिमानच होता.

आता ती खिडकीपाशी खाटेवर पडून होती. नवं औषध सुरू झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाइंडरला दाराबाहेर बोलावून सांगितलं, "पोटात काही ना काही जाऊ द्या. आणि एक सांगून ठेवते, या औषधाने कधी कधी तोंडाची चव पार जाते."

"परत येते ना?"

"वेळ मिळाला तर येते," बाई म्हणाल्या, आणि हातातल्या कागदाकडे बघू लागल्या.

बाइंडरने हे बायकोला सांगितलं नाही. जिने जन्मभर जिभेवर भाकरी कमावली तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या दिवसापासून तो एकाच गोष्टीची वाट बघत होता: ती कशाला तरी नावं ठेवेल. भात कच्चा म्हणेल, चहा पांचट म्हणेल. पण नावं ठेवायला घास तोंडात जायला हवा, आणि ती तर दोन दिवस नुसत्या पाण्यावर होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "अहो, ते लिंबाचं करून देता? दूध घातलेलं?"

उन्हाळ्यात कँटीनमध्ये ती हे करवून घ्यायची. लिंबाचं सरबत, पण साय घातल्यासारखं दाट, वर फेस. बाइंडर उठलाच. दुकान बंद ठेवून त्याने पातळ सालीची लिंबं आणली, कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणला, बर्फ आणला.

"सालीसकट फोडी करा," ती खाटेवरून सांगू लागली. "मधली पांढरी शीर आणि बिया काढा. पाणी घालून मिक्सर दोनदाच फिरवा, जास्त नाही. मग..." तिला धाप लागली.

"पुढचं येतं मला. तू पड."

पुढचं त्याला येत नव्हतं. पुढे लगेच गाळायचं असतं. साल पाण्यात राहिली की कडवटपणा उतरतो, आणि मग डबाभर दूध ओतलं तरी तो हटत नाही. पण बाइंडरला चाळीस वर्षांच्या धंद्याने उलटंच शिकवलेलं. खळ लावली की पुस्तकाला हात लावायचा नाही, वजनाखाली ठेवून द्यायचं. घाई केली की पान सुटतं. चांगली गोष्ट मुरावी लागते, असा त्याचा ठाम समज. म्हणून त्याने ते सालीसकट पातेल्यात ओतलं, वर ताटली ठेवली, आणि ताटलीवर दुकानातलं लोखंडी वजनही ठेवलं. तासाभराने गाळलं, दूध घातलं, बर्फ घालून मिक्सर फिरवला, आणि भरलेला ग्लास घेऊन खाटेपाशी जाऊन उभा राहिला. जणू परीक्षेचा निकालच ऐकायचा होता.

तिने एक घोट घेतला. मग दुसरा. थांबत थांबत अख्खा ग्लास संपवला.

"छान झालंय," ती म्हणाली.

एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा! बाइंडर रिकामा ग्लास घेऊन स्वयंपाकघरात आला तो हवेतच. शाळेत शिकवणारी लेक दुपारी आली, तेव्हा उरलेलं सरबत त्याने मोठ्या ऐटीत तिच्या पुढ्यात ठेवलं.

लेकीने घोट घेतला आणि थेट मोरीत थुंकला. "बाबा! कडू जहर झालंय हे! लगेच गाळलं नाहीत?"

"मुरायला ठेवलं होतं तासभर. वजन ठेवून."

"लिंबावर वजन? अहो, ते काय पुस्तक आहे?" लेक हसली. मग वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू गेलं.

बाइंडरने स्वतः एक घोट घेतला. तोंडात धरवेना इतकं कडू. म्हणजे तिची चव गेली होती. जी चिमूटभर मिठासाठी पातेलं परत पाठवायची, तिने हे विष अख्खं पिऊन छान म्हटलं होतं. त्याने मोरीचा नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात तो रडला. लेक त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. खाटेत आणि मोरीत फक्त एक पडदा होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा लिंबं चिरली. तिला काही कळणार नाही हे माहीत असून चिरली. मिक्सर दोनदा फिरवला आणि श्वास घ्यायला न थांबता गाळलं. दूध, बर्फ, वर बोटभर फेस. आधी स्वतः चाखलं. आंबट, गोड, थंडगार. कडवटपणाचा मागमूस नव्हता.

तिने एक घोट घेतला, आणि नाक मुरडलं.

"काय हो हे! कडू केलंत. लगेच गाळायचं असतं, एवढंही कळत नाही? जन्मभर पुस्तकं दाबलीत म्हणून आता लिंबंही दाबायची?"

बाइंडरच्या ध्यानात आलं. कालचं सगळं तिने पडद्यापलीकडून ऐकलं होतं. नळ ऐकला होता, आणि नळाखालचं रडणंही. तिला ना काल कडू लागलं होतं, ना आज गोड लागत होतं.

त्याने तिच्या हातातला ग्लास घेतला, एक मोठा घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"खरंच की गं. कडूच झालंय."

"मग?" ती उशीला टेकली. "मी कधी उगाच बोलते का?"